कमाल टिकाऊपणा

सोमवारी कुऱ्हाड ऐंशी घावांत मोडत होती.
खेळणाऱ्यांनी सात-सात कुऱ्हाडी पाठीला बांधल्या
आणि त्यातली सगळ्यात चांगली
शेवटपर्यंत बाहेर काढलीच नाही.
आमच्या घरी पाहुण्यांचे कप असेच राहिले.

मंगळवारी मी चारशे केले.
मग शेकोटीकडे कुणी परत फिरेना.
जंगल सपाट. लांडगे सपाट.
किअराने चाचणीच्या नोंदीत एवढंच लिहिलं :
'कंटाळा. मरायलाही वेळ लागतो.'

आकडा मिठासारखा घालावा लागतो,
चिमूट कमी, चिमूट जास्त,
आणि चाखणारी जीभ दुसऱ्याची.

शेफील्डमध्ये नोव्हेंबरात चार वाजताच दिवे लागतात.
आमचा स्टुडिओ आहे तिथे पूर्वी कानशी बनत.
जिन्याचे दगड मधोमध खोलगट झालेत,
बदलले कुणी नाहीत; सगळे जपून चढतात.

खरा पेच दुरुस्तीचा.
फुकट दिली तर कुऱ्हाड अमर,
आणि अमर वस्तूकडे बघतं कोण?
महाग केली तर लोक जुनी फेकून नवी घडवतात.
त्यांना काय बोलू, माझाच हा चौथा फोन.
म्हणून नियम लिहिला : दर दुरुस्तीला
कमाल टिकाऊपणातून पाच टक्के वजा.
लिहिला आणि पुसला.
जो जपतो त्यालाच दंड, हे कुठलं शहाणपण?

खालच्या मजल्यावर मिस्टर स्टॅनिफोर्थ राहतात.
चाळीस वर्षं सुऱ्यांना धार लावली,
डाव्या हाताची दोन बोटं आता ऐकत नाहीत.
विचारलं, धार लावल्यावर पातं पहिल्यासारखं होतं का?
ते हसले नाहीत. ड्रॉवर उघडून
काडीएवढी एक सुरी माझ्या तळहातावर ठेवली.
"ही पाव कापायची. लग्नात मिळालेली.
मग टोमॅटोची झाली. मग बटाट्याचे डोळे काढायची.
आता पत्रं फोडतो. बिलंच असतात."
आणि चहा ओतता ओतता,
"धार म्हणजे काही घालणं नसतं, लव्ह,"
(इथे बसचा ड्रायव्हरही लव्ह म्हणतो)
"काढणंच असतं."

मिरजेत आमच्या गल्लीत धारवाला सायकल स्टँडवर लावून
जागच्या जागी पॅडल मारायचा.
ठिणग्या आम्ही हातावर झेलायचो, भाजत नसत.
ती आमचीच विळी होती, उडत असलेली.
हे कळायला मला इतक्या लांब यावं लागलं.

गुरुवारी रात्री पाच टक्के परत घातले.
पण शून्यावर कुऱ्हाड आता नाहीशी होत नाही.
तिचा कोयता होतो, कोयत्याची सुरी, सुरीचा टोचा.
कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात;
माझ्या खेळात मोडका दांडा
शेवटी शेकोटीत जातो, अकरा मिनिटं ऊब देतो.
अकराच का, विचारू नका. बारा फार होत होती.

शुक्रवारी किअरा तिसऱ्या रात्री बर्फात मेली.
नोंद : 'कानस घेऊन बसले होते.
लांडगा आला ते ऐकूच आलं नाही.'
खाली, जरा वेळाने लिहिलेलं : 'परत खेळते.'

सध्या एकशे सदतीसवर ठेवलंय.
सोमवारी पुन्हा कुणीतरी ओरडेल.
दिवे घालवले, जिना उतरू लागले, काळोखच होता,
पाऊल आपोआप
मधल्या खोलगटात पडलं.