समुद्र मुरतो आहे

ओस्त्रावात समुद्र नाही.
सगळ्यात जवळचा आहे तो परक्या मुलखात,
आणि तोही गार, करडा, हेरिंगचा.
व्लास्तिमिलने आपला बादलीत कालवला:
गाळलेलं पाणी, तोलून घेतलेलं मीठ,
लाकडी डाव यारमिलाचा, तिला न विचारता.

मग खडक आला
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला,
कुठल्या बेटावरच्या बातम्या अंगाला चिकटलेल्या.
जांभळा, भोकाभोकांचा.
दुकानदार म्हणाला, जिवंत आहे.

व्लास्तिमिल हसला.
एकतीस वर्षं तो जमिनीखाली होता.
दगड त्याने फोडलेत, टेकू देऊन धरलेत,
एकदा खांद्यावर झेललाय.
दगड पडतो, हे त्याला माहीत होतं.
जगतो, हे कोणी सांगितलं नव्हतं.

पहिला आठवडा नुसता वास.
प्रवासात जे मेलं ते खडकाच्या पोटात कुजत होतं.
यारमिलाने भर जानेवारीत खिडक्या उघडल्या.
"मासे कुठेत?"
"इतक्यात नाही."
"मग दिवा कोणासाठी जाळतोस?"

उत्तर काचेच्या नळीत होतं:
आठ थेंब, पाच मिनिटं, आणि पाणी गडद हिरवं.
नवा समुद्र आधी विषारी होतो.
मग ते विष खाणारं काहीतरी वाढतं, बिनडोळ्यांचं, बिनतोंडाचं,
आणि खाऊन जे टाकतं, तेही विषच.
मग ते खाणारं आणखी कोणी.
मध्ये आपण काही करायचं नसतं.
"म्हणजे माझ्या कोबीच्या बरणीसारखं," यारमिला म्हणाली,
"मुरू द्यायचं. सारखं झाकण उघडायचं नाही."

तो रोज उघडायचा.
रविवारी हिरवं. गुरुवारी जरासं पोपटी.
दुसरी नळी जांभळी, जांभळी, किती दिवस जांभळीच.
काचेवर तपकिरी साय धरली,
वाळूवर गंज चढल्यासारखा थर.
मेला तुझा समुद्र, यारमिला म्हणाली.

अठ्ठाविसाव्या रात्री, दिवा विझल्यावर,
टक्.
मग बराच वेळाने,
टक् टक्.

हीटर नव्हे.
पंपही नव्हे, पंप त्याने बंद करून पाहिला.
व्लास्तिमिलने काचेला कान लावला,
जसा एकदा हवेच्या पाइपाला लावला होता
सातव्या थरात, छत बसलं तेव्हा.
पलीकडे चौघं होते.
इकडून पाना आपटायचा, मग सगळ्यांनी श्वास धरायचा.
दोन दिवस पलीकडून उत्तर येत होतं.
मग येईना.
तरी तो पाइपापासून हलेना;
दोघांनी धरून वर आणला.

खडकात कोणीतरी होतं.
असेल बोटाएवढी कोळंबी,
एका नांगीने चुटकी वाजवणारी.
दुकानदार सांगेल, काढून टाका,
लहान मासे मारते ती.
व्लास्तिमिल मान हलवेल
आणि काढणार नाही.

पण ते उद्या.
आत्ता अंधारात, पायजम्यावर, अनवाणी,
त्याने नखाने काचेवर वाजवलं.
एकदाच.

आतल्या खोलीतून यारमिला: "कोण आहे?"

तो बोलला नाही.
श्वास धरून उभा होता.

टक्.