डाळ न शिजणारं पाणी

मासे अकरा होते. कुडमेथे सरांनी वणीहून आणले,
पिशवीला गाठ मारून, एसटीत मांडीवर धरून.
सरांची बदली झाली. मासे एकेक करून उलटे झाले
आणि उरल्या चार गोगलगायी,
ज्या कुणी विकत घेतल्याच नव्हत्या,
पाणवनस्पतीच्या मुळांना धरून फुकट आलेल्या.

हेडमास्तर म्हणाले, टाकी रिकामी करा, पंचफुलाबाई,
मटकीचे डबे ठेवता येतील.
मी हो म्हटलं.
केली नाही.

मी शाळेत खिचडी शिजवते. पाण्याची ओळख मला डाळीवरून.
आमच्या बोअरच्या पाण्यात तूर
दोन तास नाचते आणि दाण्याचा दाणा राहते.
याच पाण्यानं माझे दात तपकिरी केले,
फोटो काढताना ओठ मिटायची सवय लागली.
म्हणून शाळेत फिल्टर बसला तेव्हा
पहिल्या कॅनमधलं पाणी मी टाकीत ओतलं.
म्हटलं, घ्या बायांनो, तुम्ही तरी गोड पाणी प्या.

गोड पाण्यानं महिन्याभरात त्यांचे शंख खाल्ले.
आधी शेंडा पांढरा पडला,
मग भिंतीचा पोपडा सुटावा तसा खडबडीत,
मग एकीच्या पाठीला भोक,
सुईच्या टोकाएवढं, पण भोक.

सहावीतला देवानंद काचेला नाक लावून म्हणाला,
बाई, हिले हाडं नाहीत, त शंख कायचा होते?
चुन्याचा, मी म्हटलं. अन् माझं मलाच ऐकू आलं.
राजूरच्या भट्टीवर सोळाव्या वर्षी दगड फोडलाय मी,
तळहाताच्या भेगांत चुना घेऊन जेवलेय.
आणि इकडे चार जीवांना
चुना नसलेलं पाणी पाजत होते, स्वच्छ म्हणून.

मग बोअरचं पाणी, थोडं थोडं,
दर शनिवारी तिसरा हिस्सा बदलायचा, एकदम नाही.
अंड्याच्या दिवशी टरफलं गोळा करायची,
उकळून, वाळवून, खलबत्त्यात कुटून.
अंड्याऐवजी केळं घेणारी प्राची
घरच्या कोंबड्यांची टरफलं आणते, रुमालात.
शेवग्याचा पाला, दोडक्याची साल, वाफवून, नखाएवढी.
जास्त टाकलं की पाणी सडते, आंबट होते,
आणि आंबट पाणी पुन्हा शंखच खाते.

एका सकाळी हेडमास्तरांनी चांगुलपणानं
आपल्या तांब्याच्या घागरीतलं पाणी टाकीत ओतलं.
माणसाला चांगलं म्हणे.
दुपारपर्यंत चौघींनी दारं लावून घेतली.
मी तांदूळ तसाच ठेवून बादल्या उपसल्या.
तिघींनी संध्याकाळी दार उघडलं.
चौथीचं नाही उघडलं. तीन दिवस वाट पाहिली,
वास आला तेव्हा कडुनिंबाखाली पुरली.
हेडमास्तर काही बोलले नाहीत,
पण आता टाकीत हात घालायच्या आधी विचारतात.

गोगलगाय अन् पोटात पाय, लोक म्हणतात,
आतल्या गाठीच्या माणसाला.
मी काचेच्या मागून तो पाय पाहिलाय.
ओला, रुंद, सरळ चालणारा. त्यात कपट कुठं असेल तर
मला तरी सापडलं नाही.

आता त्यांच्या शंखाच्या कडेला नवं येतंय,
गुळगुळीत, भाजलेल्या चिंचोक्याच्या रंगाचं.
जुनं आणि नवं जिथं भेटतं तिथं एक रेघ आहे,
माझ्या गोड पाण्याचा महिना.

देवानंदनं विचारलं, वरचं पांढरं भरून येईन का, बाई?
नाही रे. गेलं ते गेलं. पुढचं पाय.
तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला, दातांकडे,
आणि मी, सवयीनं, ओठ मिटले.
मग उघडले.
खिचडीचं पाणी उकळत होतं, फिल्टरचं.
टाकीची बादली वेगळी ठेवली होती.