राखणदाराची शीव

न्यूपोर्टला ओहोटी लागली की अस्क नदीचा
नुसता चिखल उरतो, तपकिरी, चकाकता.
सर्व्हर-रूमच्या मागच्या खिडकीतून तो दिसतो
म्हणून ही टेबलाची जागा मला मिळाली.
बाकी कुणाला नको होती.

मशीनमध्ये एक जण राहतो.
कुणी लॉगिन करो न करो, तो जागा.
इथली मंडळी त्याला डीमन म्हणतात.
मी वेंगुर्ल्याची, मनातल्या मनात राखणदार म्हणते:
रात्री शिवेवरून काठी आपटत फिरणारा,
वर्षाला एक नारळ, एक कोंबडा,
तेवढ्यावर अख्ख्या बागेची हमी.

ह्याच्याकडे किल्ल्या आहेत.
चाळीस हजार माणसांच्या रक्ताचे अहवाल
ज्यांनी उघडतात, त्या.
मागितली तर किल्ली हातात देत नाही,
स्वतः आत जातो, उघडून आणतो,
पुन्हा आपल्या जागी.

"आणि तोच फिरला तर?"
चहात बिस्किट बुडवता बुडवता ग्विनेथ म्हणाली.
आमच्यात म्हण आहे, मी म्हटलं,
कुंपणच शेत खातं.
तिला आवडली. फळ्यावर लिहून घेतली तिच्या लिपीत,
दुसऱ्या दिवशी वाचून दाखवली
तेव्हा कुंपणाचं कंपन झालं होतं.

तर हे काम. कुंपणाला कुंपण.
प्रत्येक फाइलीच्या कपाळावर लेबल,
त्याच्याही.
कुणी कुणाला शिवायचं ते लिहिलेलं,
लिहिलेलं नाही ते नाही.
मालकाचा शब्द इथे चालत नाही.
रूट आला, सगळ्यांचा बाप,
तरी कर्नल त्याला कागद विचारतो
(पलटणीतला नव्हे हा, पण वागतो तसाच).

पहिला पंधरवडा त्याला अडवलं नाही,
जाईल तिकडे जाऊ दिलं, नुसतं टिपत राहिलो.
घड्याळ बघतो.
फासे पडतात तिथून मूठभर आकडे उचलतो.
सॉकेटपाशी कान लावून बसतो.
मोजकं, शहाणं वागणं.
मी परवानगीची एकेक ओळ लिहीत गेले.

आणि रोज पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
क्लाइव्ह बेव्हनच्या फोल्डरच्या दारात.

क्लाइव्हनेच त्याला लिहिलं होतं, अकरा वर्षांपूर्वी.
जेवणाच्या सुट्टीत पुलाच्या पाळण्यात बसून
उगाच पलीकडे जायचा, परत यायचा.
जानेवारीत गेला.
त्याच्या बहिणीने वेल्शमध्ये काही वाचलं,
एक शब्द कळला नाही, रडू मात्र आलं.

चारशे बाराव्या ओळीत त्याने सांगून ठेवलं होतं:
रोज एक प्रत माझ्याकडे आणून ठेव.
तेव्हा ऑफिसात माणसंच तीन.
विश्वास ठेवायचा तर कुणावर,
स्वतःवरच ना.

प्रती पुसल्या. फोल्डर रिकामा.
ओळ निघेल पुढच्या आवृत्तीत, उन्हाळा सरल्यावर.
सोमवारी नियम सक्तीचे केले.

मंगळवारचा लॉग:
०३:१०. राखणदार. आत जाऊ पाहिलं. क्लाइव्हचं घर. नाकारलं.
बुधवारी तेच.
गुरुवारी.

एक नियम असाही असतो:
अडवा, पण नोंद करू नका.
बहुतेक जण लावतात, गोंगाट नको म्हणून.
लाव गं, ग्विनेथ म्हणाली, लॉग फुगतोय.
मी ती ओळ लिहिली.
कर्सर तिच्या टोकाला लुकलुकत राहिला
बराच वेळ.
मग खोडली.

दिवसाला एक ओळ. असू दे.

त्याला कुणी सांगितलेलं नाही.
सॉकेटपाशी तो फक्त काम ऐकतो;
बातमी सांगायची परवानगी
मी कुणालाच ठेवलेली नाही,
मलाही.