दुसरी बाजू, तिसरं गाणं

बफेलोतल्या एका चर्चच्या तळघरात पाणी शिरलं
म्हणून त्यांनी मला बोलावलं. खोकी उचल, विकेल ते तुझं.
नाताळची गाणी, एका पाद्र्याची प्रवचनं सात भागांत,
आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास,
कोंब फुटलेल्या बटाट्यांच्या पोत्यासारखा.

एका नाताळच्या पाकिटात नाताळ नव्हता.
पिवळं लेबल. टाइपरायटरची अक्षरं, जरा तिरकी:
ऑर्विल टिस्डेल, टेनर सॅक्सोफोन.
त्याखाली ऑर्गनवाला, गिटारवाला,
आणि अगदी कडेला, जागा उरली नसल्यासारखं,
ड्रम्स, एल. पेटिफोर्ड.

तीनशेच काढल्या होत्या. पैसे एका न्हाव्याने घातले,
दोनशे त्याच्याच दुकानामागे पाइप फुटून गेल्या.
एक टोकियोत विकली गेली, ती किंमत ऐकून
बायको म्हणाली होती, एवढ्यात आपलं छप्पर झालं असतं.
वीस वर्षं शोधत होतो हिला.
खरं सांगायचं तर
शोधणं सोडूनही सहा वर्षं झाली होती.

कोमट पाणी, दोन थेंब साबण, जुन्या बनियनचा तुकडा.
सुई टेकली. आधी तव्यावर पाणी शिंपडावं तशी चरचर,
मग ऑर्गन, सांडलेल्या काकवीसारखा सावकाश पसरत,
आणि मग टिस्डेल.
तो सूर लावत नाही. तो आत येतो,
ओला कोट झटकतो, खुर्ची ओढतो,
आणि थकलेल्या उधारीचा विषय काढतो
इतक्या मायेने, की आपणच खिसे चाचपू लागतो.

गावात पेटिफोर्ड चार.
तिसऱ्याच्या मुलीने फोन उचलला.
आहेत बाबा, म्हणाली. पण त्या दिवसांचं बोलत नाहीत.

लेम्युएल पेटिफोर्ड, वय चौऱ्याऐंशी,
वृद्धाश्रमाचा चौथा मजला, खिडकीखाली गोठलेलं तळं.
मी पिशवीतून पाकीट काढलंही नव्हतं, तर म्हणाला,
दुसरी बाजू, तिसरं गाणं. तिथे मी घाई केली.
पाव मात्रा.
एकाच टेकचे पैसे होते.
ऑर्विलने मान वळवून एकदा बघितलं फक्त.
बोलला काहीच नाही, पुढे मेला तोवर.
मी ड्रम भाच्याला देऊन टाकले
आणि एकतीस वर्षं बस चालवली.
पावसात काचेवरचा वायपरसुद्धा
नेमका त्याच जागी घाई करायचा.

प्लेअर खुर्चीवर ठेवला, दुसरी बाजू लावली.
त्याने बोट वर केलं. आता.
बोट वरच राहिलं. गाणं संपलं.
पुन्हा लाव.
पुन्हा लावलं. पुन्हा.

चौथ्यांदा मलाही ऐकू आलं.
काठी लवकर पडते, हो, पाव मात्राच.
आणि टिस्डेल, ज्याला तिथेच यायचं होतं,
येत नाही.
श्वास धरतो. मागून कुणी पिशव्या घेऊन येत असावं
आणि आपण दार धरून उभं राहावं, तसा.
मग येतो, आणि तिथून पुढे सगळं गाणं
थोडं एका अंगावर कलून चालतं.
ज्यासाठी टोकियोवाले पैसे मोजतात
ते हे कलणं.

थांबला होता, लेम्युएल म्हणाला.
माझ्यासाठी थांबला होता, गाढव.
सांगायचं नाही का?

तबकडी तिथेच ठेवून आलो, असं लिहिलं तर बरं दिसेल.
नाही ठेवली. माझा जीव झाला नाही.
दर मंगळवारी प्लेअरसकट घेऊन जातो,
संध्याकाळी परत आणतो.
छप्पर अजून गळतं, त्याखाली बादली आहे,
बायको बादलीकडे बघते, मग माझ्याकडे.

गेल्या मंगळवारी ती जागा आली आणि गेली.
बोट वर झालंच नाही.
तो नर्सला सांगत होता,
या सूपमध्ये मीठ कुणी घालायचं?