नऊ तास

तेल अवीवहून मेलबर्न, मध्ये मुंबई.
सकाळी आठला उतरायचं, संध्याकाळी पाचला उडायचं.
मुलगा म्हणाला, आई, बाहेर पडू नकोस,
लाउंजमध्ये आडवी हो, पैसे भरलेत मी.
आडवं व्हायला पुढे पुष्कळ वेळ आहे, म्हटलं.

पर्समध्ये यादी होती, वाण्याला द्यावी तशी उभी:
आईची कबर.
शाळेचं फाटक.
नागपाड्याची नानकटाई, मिळाली तर.
रिबेकाची जाऊ, असली तर.
समुद्र, जाता जाता.

आणि विमान टेकता टेकता
मी माझ्याच चष्म्यावर बसले.

इमिग्रेशनच्या पोराने माझं निळं पुस्तक उलटंपालटं केलं.
त्यावर छापलंय, व्हिसा आजीवन.
"किती दिवस?"
नऊ तास.
त्याने वर पाहिलं. हसला असावा.
मला नुसतं काहीतरी पांढरं हललेलं दिसलं.

टॅक्सीवाल्याला म्हटलं, माझगाव.
कुठून नेलं ते मला विचारू नका.
एक पूल संपला की दुसरा लागायचा,
आमच्या वेळी मुंबई एवढी हवेत नव्हती.

डॉकयार्डच्या उतारावर हकीमुद्दीनचं दुकान, नुकतं उघडलेलं.
"नंबर जाड आहे, बाई. अडीच तास लागतील."
एवढा वेळ नाही माझ्याकडे.
"मग बसा," म्हणाला, जणू त्यावर हाच उपाय.
पावतीवर नाव घातलं, मिल्का आष्टमकर.
"आष्टमी? रोह्याच्या नदीपलीकडची?"
पन्नास वर्षांत कुणी मला गाव विचारलं नव्हतं.
तिकडे आमचं आडनाव म्हणजे
फॉर्मच्या चौकोनाबाहेर सांडणारी अक्षरं.

फुटपाथवर स्टूल दिलं. बसले.

उतारावरून एक बाई येत होती, कोपरात पिशवी अडकवून.
शुक्रवारी आमची आई अशीच यायची, घाईघाईत,
दिवा लावायच्या आत पापलेटं साफ व्हायला हवीत म्हणून.
समोर तीन मजले, कठड्यावर काहीतरी लाल वाळत घातलेलं.
ठेवली की यांनी आमची चाळ, मी म्हटलं.
सायकलची घंटी वाजली तसे मी पाय आत घेतले,
त्र्याहत्तर साली घ्यायचे तसे, न बघता.

कुणाला हाक मारली नाही.
हाक मारली की माणूस जवळ येतं,
आणि जवळ आलं की दुसरंच कुणीतरी निघतं.

चहा आला. कुणी सांगितला कोण जाणे. बशीसकट होता.
बशीत ओतला आणि फुरका मारला,
सूनबाईसमोर मारत नाही तो.

एक वाजता हकीमुद्दीनने
काड्या माझ्या कानांमागे अडकवल्या.

समोर हिरवी जाळी होती, बांधकामाची.
लाल होती ती धोक्याची पट्टी.
बाईच्या जागी कुरियरचा मुलगा, पत्ता शोधत.
सगळं लख्ख. भिंतीवरचे फोन नंबरसुद्धा वाचता येत होते.
मी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.
काच चांगलीच होती.

"नाकावर टोचतोय का?"
थोडा, म्हटलं.

मग वेळ कुठला उरायला.
यादीतलं एकही खोडलेलं नाही.
कबरीवर ठेवायला घरच्या अंगणातला खडा आणला होता,
तो पर्समध्येच राहिला. तपासणीत मशीनने त्याला दोनदा पाहिलं
आणि सोडून दिलं. आता तो मेलबर्नला चाललाय, बिचारा.

मुलाचा मेसेज: लाउंज कसा होता?
छान, मी लिहिलं. चहा चांगला देतात. ओळखीचे बरेच दिसले.

विमान सुटायच्या आधी नवा चष्मा लावून पावती वाचली.
खाली बारीक अक्षरात, शाईपेनने, त्याच्या हातचं:
नाकाची पॅड सैल झाली तर सहा महिन्यांत केव्हाही या.
पैसे पडणार नाहीत.

आजीवन शिक्का मारलेलं पुस्तक मी बॅगेच्या तळाशी टाकलं.
पावती ब्लाउजमध्ये ठेवली.