कोटेशन

बेसा रोडला, घरामागे, पोराच्या हौसेचा निळा हौद.
मे महिन्यात त्यात चहा होईल,
डिसेंबरात बोट बुडवलं तर नख ठणकतं.

नंदनवार म्हणतो, तीस हजार लिटर तापवायचं
तर अख्खं छत द्या, काकू.
नाही तं गरम पाण्याचा टब घ्या,
दोघं आरामात मावता.

मला पाण्यात हात मारायला जागा लागते.
यांना नुसतं बसायचं असतं,
लग्नापासून.

रात्री आठ अंश.
कपड्यांच्या टबात गिझरचं पाणी, मूठभर मीठ,
चार पाय.
यांचा अंगठा माझ्या घोट्याला लागतो,
लागूनच राहतो.
कोटेशनची एक कड भिजली.

पाणी निवत आलं.
उठायचं कोणी,
यावर बोलणं सुरू आहे.