रानमालकाचा वाटा

मोरणेच्या खोऱ्यात आमची साडेतीन एकर,
त्यातली दोन नुसता कातळ.
सातबाऱ्यावर आता माझं नाव.
त्याआधी दादांचं. दादांच्या आधी कुणाचं
ते तलाठी सांगतो,
भेकरांना विचारून उपयोग नाही.

होळीची राख निवली
की वाडीतली माणसं दारात येत.
"हाकारा काढू का तुमच्या रानातनं?"
दादा तंबाखू मळत राहायचे.
त्यालाच होकार म्हणायची रीत.

वाघरी लावायची जागा ठरलेली,
हिरड्याखालची खिंड, तिथून खाली ओघळ.
आठ वर्षांची मी, रॉकेलचा पत्र्याचा डबा बडवत
हाकाऱ्यांच्या अगदी शेवटाला.
करवंदीला पांढरी फुलं,
झग्याला काटे,
आणि पुढं कुठंतरी पाचोळा पळतोय
एवढंच दिसायचं मला शिकारीतलं.

ज्याच्या रानात जनावर पडेल
त्याच्या घरी एक फरा जायचा.
मारणाऱ्याला मुंडकं,
हाकाऱ्यांना सारखे वाटे, पोरांनासुद्धा,
कुत्र्यांना आतडी.
इतका चोख हिशोब
मी नंतर बँकेत पाहिला नाही,
आणि कराडच्या शाखेत एकतीस वर्षं काढली.

यंदा तातोबा निकमांचा नातू आला.
मोटरसायकल बांधावर, कानात वायर.
"काकू, परवा जरा तुमच्या वरच्या अंगाला..."
वाक्य तिथंच सोडलं.
आता कायदा आहे, वाक्यं पुरी करत नाहीत.
मी घेवडा निवडत होते.
निवडत राहिले.

परवाच्या रात्री एक बार.
मग बॅटरीचा उजेड कातळावरनं सरकत गेला
खाली, वर, पुन्हा खाली,
हरवलेली किल्ली शोधावी तसा.
मी उठून दार लावलं.
लावलेलंच होतं.

सकाळी पायरीवर स्टीलचा डबा,
झाकणावर नाव कोरलेलं, लग्नातलं भांडं.
आत काय ते उघडायच्या आधीच कळलं.
खरं सांगते, तोंडाला पाणी सुटलं.
आधी पाणी,
बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

हिरड्याखाली खणायला गेले
तर हातभरावर कातळ लागला.
तेवढ्यातच पुरलं, वर दगड ठेवले.
रात्रीत कोल्ह्यानं उकरून नेलं.

डबा घासला. पुन्हा घासला.
रिकामा डबा परत देत नाहीत आमच्याकडं,
म्हणून घेवडा भरला, काठोकाठ.
निकमांची सून म्हणाली, "लागलं का चांगलं?
म्हाताऱ्यानं मुद्दाम सांगितलं होतं,
मालकिणीचा वाटा आधी काढा."
मी म्हटलं, "मऊ होतं."

चार दिवसांनी वनरक्षक आला.
पोरगाच, माणदेशाकडचा, नवी नेमणूक,
बुटांना आमची लाल माती अजून नीट बसली नव्हती.
"बार ऐकलात का काही, मावशी?"
"या वयात कान कुठले," म्हटलं.
त्यानं वहीत तसंच लिहिलं.
गट नंबर विचारला, तो मात्र मी बिनचूक सांगितला.

चहा पिता पिता म्हणाला,
"भेकर ओरडतं कसं हो?
तीन महिने झाले, एकदाही ऐकलं नाही.
आमच्याकडं चिंकारा, तो गप्प असतो."

मी कप खाली ठेवला.
तोंडाशी हात धरले, दादांनी शिकवलेले,
आणि घशाच्या तळातनं दिलं काढून,
एकदा, मग थांबून दोनदा.
वाडीतली कुत्री उठली.
पोरगा हसला, "अगदी कुत्र्यासारखंच की!"

तरी लगेच निघाला नाही.
आम्ही दोघं उभे राहिलो अंगणात
खिंडीकडं तोंड करून,
त्याचा चहा निवत होता.